अणूच्या वाट्याचे प्रतिबल

एक मिलिमीटर व्यासाच्या पोलादी तारेला ८ किलोचे वजन टांगले की तारेच्या आडव्या छेदावर सुमारे ७८.५ न्यूटन बल येते. छेदाचे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मिलिमीटर. बलाला क्षेत्रफळाने भागले की १०० मेगापास्कल हे उत्तर येते आणि तेच त्या तारेतले प्रतिबल. बोलताना याला ताण म्हणतात. पण ओढणारा ताण, चेपणारा दाब आणि पत्त्यांच्या गड्डीतले पत्ते एकमेकांवरून सरकावेत तसे सरकवणारे कर्तन, हे सगळे प्रतिबलातच मोडते, म्हणून शास्त्रीय लेखनात प्रतिबल हाच शब्द सोयीचा.

हा हिशेब दोन ओळींत उरकतो, कारण तार सलग, अखंड द्रव्याची आहे असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात त्या छेदात लोखंडाचे सुमारे साडेनऊ लाख कोटी अणू आहेत. भार सगळ्यांत सारखा वाटला तर एका अणूच्या वाट्याला ८ पिकोन्यूटन येतात. पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा लाख कोटीवा भाग. या भाराने तारेची लांबी दोन हजारांत एक भाग वाढते, तेव्हा अणूंमधले अडीच अँगस्ट्रॉमचे अंतर वाढते ते जेमतेम ०.००१ अँगस्ट्रॉमने. खोलीच्या साध्या तापमानाला तोच अणू आपल्या जागेभोवती याच्या पन्नासएक पट थरथरत असतो. आणि दोन अणूंच्या मधे तर सलग द्रव्य असे काही भरलेलेच नाही. मग ज्याने भागायचे ते क्षेत्रफळ तिथे आणायचे कुठून? अणूवरचे बल ही निश्चित गोष्ट आहे. अणूवरचे प्रतिबल मात्र व्याख्येशिवाय अस्तित्वातच येत नाही, आणि ही व्याख्या कशी करावी यावर दोनशे वर्षे काम चालू आहे.

प्रतिबलाची आजची रूढ कल्पना फ्रेंच गणिती ऑगस्तँ-लुई कोशी याची. सप्टेंबर १८२२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्याने ती मांडली. पदार्थाच्या आत एक पातळी कल्पायची, तिच्या एका बाजूचे द्रव्य दुसऱ्या बाजूच्या द्रव्यावर जे बल लावते ते मोजायचे आणि क्षेत्रफळाने भागायचे. पातळी कशीही फिरवली तरी उत्तर देता यावे यासाठी एका बिंदूपाशी नऊ आकडे लागतात. द्रव्याचा सूक्ष्म तुकडा आपोआप गरगर फिरू लागत नाही या अटीमुळे त्यांतले सहाच स्वतंत्र उरतात. पूल, धरण, बॉयलर आणि विमान यांची गणिते आजही याच सहा आकड्यांवर चालतात.

कोशीला अणूंचे वावडे होते असे मात्र नाही. १८२८ च्या सुमारास त्याने हीच कल्पना रेणूंच्या बाजूने बांधून पाहिली. पदार्थ म्हणजे बिंदूंची मांडणी आणि कोणतेही दोन बिंदू त्यांना जोडणाऱ्या रेषेतच एकमेकांना ओढतात किंवा लोटतात, एवढेच त्याने धरले. पातळीवरच्या एका लहानशा क्षेत्राआरपार जी बले लागतात त्यांची बेरीज म्हणजे प्रतिबल. कोणती बले मोजायची यात पुढे सँ-व्हनाँने दुरुस्ती केली: ज्या दोन रेणूंना जोडणारी रेषा त्या क्षेत्रातून आरपार जाते, त्यांचेच बल धरायचे. ही दुरुस्ती दिसते किरकोळ, पण दीड शतकानंतर संगणकावर ज्या व्याख्या वापरात आल्या त्यांचे बीज तीत आहे. कोशीच्या रेणुवादी हिशेबातून मात्र एक अडचणीचा निष्कर्ष निघाला. स्फटिक कितीही वेडावाकडा असला तरी त्याच्या स्थितिस्थापकतेला १५ स्थिरांक पुरतील, आणि सर्व दिशांनी सारख्या असलेल्या पदार्थाचे पॉयसन गुणोत्तर नेहमी पाव, म्हणजे ०.२५ येईल, असे तो सांगत होता. (तार ओढली की ती लांबते तशी बारीकही होते, या दोहोंचे प्रमाण म्हणजे हे गुणोत्तर.) पोलादाचे ते ०.२९ च्या आसपास, तांब्याचे ०.३४, शिशाचे ०.४४ आणि बुचाचे जवळजवळ शून्य. शतकाच्या अखेरीस वोल्डेमार फोग्टने स्फटिकांवर केलेल्या मोजमापांनी वाद मिटवला: १५ नव्हे, २१ स्थिरांक लागतात. अणूंमधली बले नुसती दोघा-दोघांमधली नसतात, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या पराभवानंतर अभियंत्यांनी अणूंचा नादच सोडला आणि सलग द्रव्याच्या गणितावर भिस्त ठेवली.

ते गणित अपुरे पडते ते नेमके जिथे पदार्थ तुटतो किंवा वाकतो तिथे. भेगेच्या टोकाजवळ जावे तसे प्रतिबल वाढत जाते आणि टोकावर अनंत होते, असे सलग द्रव्याचे समीकरण सांगते. स्फटिकातल्या रेषीय दोषांपाशी हेच घडते. हे दोष, म्हणजे डिसलोकेशन, टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे सुचवले. धातू हिशेबाने निघणाऱ्या बळापेक्षा कितीतरी कमी बळाने का वाकतात याचे उत्तर त्यांत होते. पण दोषाच्या अगदी गाभ्यात प्रतिबल किती, असे सलग समीकरणाला विचारले तर पुन्हा उत्तर अनंत. निसर्गात अनंत प्रतिबल नसते. तिथे मोजके काही अणू असतात, आणि त्यांच्यातली बले मोठी असली तरी मर्यादित असतात. त्यांचा हिशेब अणूनिशी करण्याखेरीज इलाज नाही.

त्यासाठीचे एक जुने हत्यार आले ते भलत्याच वाटेने, वायूंच्या अभ्यासातून. १८७० मध्ये बॉन येथे रूडॉल्फ क्लॉसियसने एक प्रमेय मांडले आणि त्यातल्या एका राशीला, बल या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, व्हिरियल असे नाव दिले. प्रत्येक अणूवरच्या बलाला त्याच्या स्थानाने गुणायचे, सर्व गुणाकारांची बेरीज करायची आणि दीर्घकाळाची सरासरी घ्यायची. ही राशी आणि अणूंची गतिज ऊर्जा यांचे नाते पक्के असते, आणि त्या नात्यातून दाब बाहेर पडतो. दाबाऐवजी सहाही घटक मागितले की व्हिरियल प्रतिबल मिळते. त्याची कृती शब्दांत सांगता येते. अणूंच्या प्रत्येक जोडीसाठी त्यांच्यामधले बल आणि त्यांच्यामधले अंतर यांचा गुणाकार करायचा. त्यात प्रत्येक अणूचे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग हे पद, ताण धन मानला तर, ऋण चिन्हाने मिळवायचे. एकूण बेरजेला घनफळाने भागायचे. वेग धरायचा तो आसपासच्या द्रव्याच्या सरासरी वेगाच्या तुलनेत. नाहीतर धावत्या आगगाडीत नुसत्या ठेवलेल्या सळईतही प्रतिबल निघेल.

या कृतीत क्षेत्रफळ कुठेच नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पातळी कल्पावी लागत नाही, कोणत्या अणूला छेद जातो हे ठरवावे लागत नाही. त्याची किंमतही आहे: प्रमेय खरे ठरते ते समतोलातल्या, सगळीकडे सारख्या असलेल्या आणि पुरेशा मोठ्या तुकड्यासाठी. ते सरासरीचे विधान आहे, बिंदूचे नाही.

वेगाचे पद घन पदार्थात धरायचे की नाही, यावर एकविसाव्या शतकाच्या आरंभी चांगलाच वाद झाला. २००३ मध्ये मिन झोऊ यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात असा दावा केला की कोशीच्या अर्थाचे प्रतिबल म्हणजे द्रव्याच्या दोन भागांमधले बल. अणूंच्या हालचालीचा त्याच्याशी संबंध नाही, म्हणून हे पद गाळावे. मुद्दा सकृद्दर्शनी पटण्याजोगा आहे, आणि पणाला लागलेला आकडा लहान नाही. तांब्याच्या एका घन नॅनोमीटरमध्ये सुमारे ८५ अणू असतात. खोलीच्या तापमानाला प्रत्येक अणूचा वेगाच्या पदातला वाटा सुमारे ४.१४ पिकोन्यूटन-नॅनोमीटर. दोहोंचा गुणाकार ३५० मेगापास्कल. मऊ केलेल्या शुद्ध तांब्याची तार याच्या लहानशा अंशाने कायमची लांबते. म्हणजे पद गाळले की धरले, यावरून टेबलावर नुसत्या पडलेल्या तांब्याच्या तुकड्याबद्दल दोन पूर्ण वेगळी उत्तरे मिळणार.

वायूच्या बाबतीत शंकेला जागा नाही. फुग्यातल्या हवेचे रेणू एकमेकांना फारसे ओढत-लोटत नाहीत, तरी फुगा ताठ राहतो. हवेत एक पातळी कल्पिली तर उजवीकडे जाणारा रेणू उजव्या भागाला उजवीकडचा संवेग देतो, डावीकडे जाणारा डाव्या भागाला डावीकडचा. दोन्ही भाग एकमेकांपासून दूर लोटले जातात. कोणीही कोणाला हात न लावता निर्माण झालेला हा दाब आहे.

घन पदार्थात अणू जागा सोडत नाहीत, म्हणून चित्र थोडे नाजूक होते. पण ते नीट पाहिले की वाद बराचसा विरघळतो. तांब्याच्या दोन अणुथरांच्या बरोबर मधोमध एक पातळी कल्पावी. थरथरणारे अणू ती ओलांडत नाहीत, त्यामुळे संवेगाची ने-आण शून्य. पातळीच्या आरपार लागणाऱ्या बलांची सरासरी हेच संपूर्ण प्रतिबल, आणि तांबे मोकळे असेल तर ती सरासरीही शून्य. आता तीच पातळी जरा सरकवून थेट एका थराच्या मधून न्यावी. त्या थरातला प्रत्येक अणू सेकंदाला काही लाख कोटी वेळा पातळीच्या अलीकडे-पलीकडे जातो आणि दर खेपेला संवेग वाहून नेतो. दुसरीकडे बलांचे काय होते? अणू उजवीकडे सरकला की पातळी त्याच्या डाव्या बाजूला येते, म्हणून पातळी ओलांडतात ते त्याचे डावीकडच्या शेजाऱ्यांशी असलेले बंध, आणि अणू उजवीकडे सरकल्यामुळे नेमके तेच ताणलेले असतात. अणू डावीकडे गेला की उजवीकडचे बंध पातळी ओलांडतात, आणि आता ते ताणलेले असतात. पातळी ज्यांना कापते ते बंध जवळजवळ नेहमी ताणलेले सापडतात! त्यामुळे बलांची सरासरी शून्य न राहता ताणाची होते, आणि संवेगाची ने-आण तेवढाच दाब देऊन तिला फेडते. बेरीज दोन्ही पातळ्यांवर एकच.

व्हिरियलच्या सूत्रात अणूंची क्षणोक्षणीची अंतरे आणि क्षणोक्षणीची बले गुणली जातात. बंध लांबला की बल ओढीचे, आखूड झाला की ढकलीचे. त्यामुळे बलांची सरासरी शून्य असली तरी गुणाकारांची सरासरी शून्य नसते, ती ताणाच्या बाजूला झुकते. तो कृत्रिम ताण पुसण्यासाठी वेगाचे पद लागते. पर्डू विद्यापीठातील सुब्रमणियन आणि सन यांनी २००८ मध्ये तापवलेल्या घन पदार्थांच्या सिम्युलेशनवर हे दाखवून दिले: पद धरले तरच मोकळ्या पदार्थाचे प्रतिबल शून्य येते. याउलट अणूंच्या मूळ जागा धरून हिशेब मांडला, तर वेगाचे पद मुळातच उद्भवत नाही. झोऊ यांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नव्हते; ते एका चौकटीतले खरे दुसऱ्या चौकटीच्या सूत्राला लावत होते.

दुसरी अडचण घनफळाची. मोठ्या तुकड्याचे घनफळ मोजता येते, पण एका अणूचे? एक रूढ मार्ग व्होरोनॉयच्या घरांचा: अवकाशातला प्रत्येक बिंदू ज्या अणूच्या सर्वांत जवळ, त्याच्या मालकीचा. स्फटिकाच्या पोटात यातून नेटकी, सारखी घरे मिळतात. पृष्ठभागावरच्या अणूचे घर मात्र बाहेरच्या बाजूला उघडे राहते, त्याला भिंतच नसते. सिम्युलेशनच्या जगात सर्वत्र वापरली जाणारी लॅम्प्स ही आज्ञावली अमेरिकेतल्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत तयार झाली. ती अणूगणिक जो आकडा देते तो प्रतिबलाच्या एककात नसतोच, प्रतिबल गुणिले घनफळ या एककात असतो. भागाकार ज्याचा त्याने करावा. हा प्रांजळपणा कौतुकास्पद आहे, कारण या आकड्याचे रंगीत नकाशे काढणारे पुष्कळ जण भागाकार कशाने केला ते सांगायचे विसरतात.

घनफळासाठी धरलेल्या जाडीच्या निवडीने आकडा किती बदलतो, याचा नमुना कार्बनच्या नलिकांचा. कार्बनच्या एकपदरी पत्र्याची ताठरता लांबीच्या एककामागे मोजली तर सुमारे ३४० न्यूटन प्रति मीटर येते आणि त्यावर फारसा वाद नाही. ग्रॅफाइटमधल्या थरांचे अंतर ०.३३५ नॅनोमीटर हीच त्या पत्र्याची जाडी धरली, तर ताठरतेचे माप असलेला यंग गुणांक सुमारे १ टेरापास्कल. याकोबसन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये नलिका पातळ कवच मानून, तिच्या वाकण्याशीही जुळेल अशी ०.०६६ नॅनोमीटर जाडी काढली, तेव्हा गुणांक ५.५ टेरापास्कल झाला. पदार्थ तोच, बंध तेच, फरक फक्त भाजकाचा. कोलंबिया विद्यापीठात २००८ मध्ये ग्रॅफीनचा पडदा अतिसूक्ष्म सुईने दाबून फोडला गेला. त्याची प्रत्यक्ष मोजलेली ताकद ४२ न्यूटन प्रति मीटर अशीच दिली गेली; सगळीकडे उद्धृत होणारा सुमारे १३० गिगापास्कलचा आकडा हा तिला ०.३३५ नॅनोमीटरने भागून आलेला आहे.

प्रतिबल जागोजाग बदलत असेल, तर एका सरासरीवर भागत नाही. प्रत्येक बिंदूपाशी व्याख्या हवी. ती १९५० मध्ये आयर्व्हिंग आणि कर्कवुड यांनी द्रवांसाठी दिली. त्यांनी सुरुवात उलट टोकाकडून केली: संवेग कुठे नाहीसा होत नाही आणि कुठून उपटत नाही, हा नियम प्रत्येक बिंदूपाशी पाळला गेलाच पाहिजे. अणूंची बले या नियमात घातली की जी राशी प्रतिबलाच्या जागी येऊन बसते, तेच प्रतिबल. त्यांच्या चित्रात दोन अणूंमधले बल त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर पसरलेले असते. निव्वळ बिंदूपाशी ही राशी फार खवळलेली, म्हणून त्यांनी असंख्य संभाव्य अवस्थांची सरासरी घेतली. संगणकावर एका वेळी एकच अवस्था हाताशी असते. त्यासाठी रॉबर्ट हार्डी यांनी १९८२ मध्ये, आघात तरंगांचा अभ्यास करताना, बिंदूभोवती एक गुळगुळीत वजनी गोल धरला. जवळच्या अणूंना जास्त वजन, लांबच्यांना कमी, आणि प्रत्येक बंधाचा जेवढा भाग गोलात येतो तेवढाच हिशेबात. त्याआधी १९७९ मध्ये त्साय यांनी कोशी आणि सँ-व्हनाँ यांच्या पातळीलाच संगणकावर जिवंत केले होते: पातळी ओलांडणारी बले मोजा, पातळी ओलांडणाऱ्या अणूंचा संवेग मोजा, दोन्ही मिळवा. अदमल आणि टॅडमोर यांनी २०१० मध्ये दाखवले की व्हिरियल, हार्डी आणि त्साय या तिन्ही कृती एकाच सर्वसाधारण व्याख्येतून, सरासरी घेण्याच्या पद्धती बदलून निघतात. हार्डीच्या गोलाची त्रिज्या किती ठेवायची, हे मात्र वापरणारा ठरवतो. लहान ठेवली तर अणूंची खडबड उमटते, मोठी ठेवली तर भेगेचे टोकच पुसट होते.

एवढे करूनही उत्तर एकमेव ठरत नाही, आणि याला कोणाची चूक कारण नाही. संवेगाचा नियम प्रतिबल एका जागेहून दुसऱ्या जागी किती बदलते एवढेच ठरवतो. ज्याच्यामुळे कुठेही निव्वळ बल निर्माण होत नाही असे कोणतेही क्षेत्र त्यात मिसळले तरी नियम मोडत नाही. बल सरळ रेषेने न पसरवता दोन काटकोनी तुकड्यांच्या वाटेने पसरवले तरी चालते. हारासिमा यांनी १९५८ मध्ये द्रवाच्या पृष्ठभागासाठी तशीच वाट धरली होती. पृष्ठभागाच्या आतबाहेर प्रतिबल कसे पसरले आहे याचा आलेख दोन्ही वाटांनी वेगळा येतो, पण सपाट पृष्ठभागाचा एकूण पृष्ठताण एकच येतो. स्कोफील्ड आणि हेंडरसन यांनी १९८२ मध्ये ही वाटेची मोकळीक स्पष्टपणे मांडली. सिलिकॉनसारख्या पदार्थात आणखी एक मोकळीक येते. तिथे बल तिघा अणूंमधल्या कोनावरही अवलंबून असते, आणि तिघांची ऊर्जा कोणाच्या खात्यावर किती टाकायची हा संकेताचा प्रश्न उरतो. क्वांटम हिशेबात तर इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे नसतातच. नील्सन आणि मार्टिन यांनी १९८३ मध्ये संपूर्ण स्फटिकाचे प्रतिबल क्वांटम यांत्रिकीतून थेट काढण्याचे सूत्र दिले आणि ते आज नित्याच्या वापरात आहे. एकेका अणूच्या वाट्याचे तसे निःसंदिग्ध सूत्र मात्र नाही.

या सगळ्या संदिग्धतेतूनही उपयोगी उत्तर कसे मिळते, ते लोखंडातल्या कडेच्या डिसलोकेशनकडे, म्हणजे रेषीय दोषाच्या एका प्रकाराकडे, पाहिले की दिसते. इथे अणूंचा एक जादा अर्धा थर पाचरीसारखा घुसलेला असतो. पाचरीच्या बाजूचे अणू चेपलेले, पाचर जिथे संपते त्याच्या खालचे ताणलेले. सलग द्रव्याचे गणित सांगते की प्रतिबल दोषापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते. अणूंचे नकाशे काही अणूंइतक्या अंतरावरच या नियमाला येऊन मिळतात, मग हार्डीची कृती वापरलेली असो वा व्हिरियलची. ताणलेल्या बाजूला जागा सैल असते, म्हणून लोखंडात विरघळलेले कार्बनचे अणू तिथे येऊन बसतात आणि दोषाला जखडतात. कॉट्रेल आणि बिल्बी यांनी १९४९ मध्ये यावरूनच सौम्य पोलादाचे एक जुने कोडे सोडवले: ते ओढताना आधी हट्टाने ताठ राहते आणि मग एकदम ढिले पडते, कारण दोष कार्बनच्या विळख्यातून सुटतात. गाभ्याच्या आत, शेवटच्या दोन-तीन अणूंपाशी, निरनिराळ्या कृतींचे आकडे एकमेकांपासून फुटतात. तिथे प्रतिबल किती, यापेक्षा कोणता अणू कुठे सरकला आणि त्यावर किती बल आहे, हेच विचारणे अधिक नेमके असते.